मधलं पाकीट

बीडजवळच्या पालीच्या डाळ शेडमध्ये शिरलं की उजव्या हाताच्या भिंतीवर एक आलेखाचा कागद दिसतो. पेन्सिलीने काढलेला, एका कोपऱ्याला हळद लागलेली. शेजारी छापील तक्ते असूनही तो सगळ्यांत वर, खिळ्याला लटकवलेला आहे. बीडहून किंवा पुण्याहून कोणी पाहुणे आले की हटकून विचारतात, "हा कोणी काढला?" शेडमधल्या बायका मग एकमेकींकडे बघून हसतात आणि तीन नंबरच्या टेबलाकडे हनुवटीने खूण करतात. तिथे डोक्यावरचा पदर सारखा करत विमलबाई बसलेल्या असतात. त्या वर बघत नाहीत. बघत नाहीत म्हणून त्यांना ऐकू येत नाही असं मात्र कोणी समजू नये. त्यांना सगळं ऐकू येतं, आणि घरी गेल्यावर त्या ते नवऱ्याला शब्दन्‌शब्द सांगतात.

विमलबाई मूळच्या गेवराई तालुक्यातल्या उमापूरच्या. शाळा पाचवीपर्यंत झाली, आणि पाचवीतही गणित सोडून दुसऱ्या कशात त्यांचा जीव रमला नाही. लग्न होऊन पालीला शहादेव नवल्यांच्या घरी आल्या आणि पहिल्याच दसऱ्यानंतर कोयत्यावर गेल्या. आपल्याकडे कोयता म्हणजे हत्यार तर खरंच, पण ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, आणि ट्रक आला की दोघं मोळ्या डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वर चढतात. असे सोळा हंगाम त्यांनी काढले. रडत काढले असं त्या कधी म्हणत नाहीत. "मी बांदलेली मोळी कदी सुटली न्हाई," एवढंच म्हणतात, आणि ते खरं आहे.

त्या सोळा हंगामांत मान मात्र कामातून गेली. गेली ती कशी, हे ऐकण्यासारखं आहे. फळीवर चढणाऱ्या बाईला मोळी किती जड आहे यापेक्षा पुढची मोळी केवढी येणार याची धास्ती जास्त असते. सगळ्याच जड असल्या तर अंग तेवढ्या बेताने उभं राहतं. एक हलकी, एक जड, मग भलतीच, असं आलं की पाय चुकतो. विमलबाईंची मान ज्या मोळीने गेली ती काही फार जड नव्हती, पण तिच्या आधीच्या पाच हलक्या होत्या. मोळ्यांच्या रांगेपुढे उभं राहिलं की आधी मधल्या आकाराची मोळी नजरेत धरायची आणि बाकीच्या तिच्यापासून किती लांब आहेत ते बघायचं, ही सवय त्यांना तेव्हापासून लागली. एखादी अवाढव्य असली तर ती दिसतेच, तिला दोघांनी मिळून उचलायचं. तिच्या एकटीवरून अख्ख्या रांगेला नावं ठेवायची नाहीत.

बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता डोक्यावर वजन नको. शहादेवनी शेळ्या घेतल्या आणि ते बिंदुसरेच्या धरणाच्या कडेने त्या चारू लागले. विमलबाई गावातल्या शेतकऱ्यांच्या कंपनीने उभारलेल्या डाळ शेडमध्ये लागल्या. शेडमध्ये तूर भरडली जाते आणि तीन टेबलांवर अर्ध्या किलोची पाकिटं भरतात. एका टेबलाला पाच बायका, एक वजनकाटा आणि पाकिटाचं तोंड बंद करायचं एक यंत्र. पहिल्याच दिवशी मॅनेजर परमेश्वर यांनी सगळ्यांना एक गोष्ट बजावली होती, की पाकीट पाचशे ग्रॅमच्या खाली एक ग्रॅमही जाता कामा नये. बायकांनी ती इतकी मनावर घेतली की तीन वर्षांत एकही पाकीट खाली गेलं नाही.

मग पुण्यात पंधरा-वीस दुकानं असलेल्या एका कंपनीने शेडची डाळ घ्यायला सुरुवात केली, आणि तिच्या पाठोपाठ विजयसिंह आला. सव्वीस-सत्तावीसचा इंजिनियर. बोलायला मऊ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, दर मंगळवारी बीडहून मोटारसायकलवर यायचा. त्याने टेबलांपुढे उभं राहून सांगितलं, "मावशी, नुसती सरासरी बरोबर असून चालत नाही. एका पाकिटात आणि दुसऱ्यात फरक किती पडतो, तोही बघायचा. फरक वाढला म्हणजे कुठंतरी काहीतरी बिघडलंय."

विमलबाईंना हे ताबडतोब पटलं. त्यांच्या मानेला ते आधीपासून माहीत होतं.

कॉम्प्युटर सांभाळायला करिष्मा होती, विमलबाईंच्या भावाची लेक, त्यांच्याच घरी राहणारी, बारावी पास. दिवसातून तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीला प्रत्येक टेबलावरची पाच पाकिटं उचलायची, आपल्या कोपऱ्यातल्या काट्यावर पुन्हा तोलायची आणि आकडे भरायचे. कॉम्प्युटर त्यावरून फैलाव काढायचा आणि पडद्यावर एक ठिपका पडायचा. ठिपका हिरवा तर काम चालू. लाल रेघेच्या वर गेला तर टेबल बंद, त्या फेरीची सगळी पाकिटं फोडून पुन्हा भरायची, आणि पुण्याला कळवायचं.

ठिपके लाल होऊ लागले. तिन्ही टेबलांचे होत, पण तीन नंबरचे जास्त. बायका हळहळायच्या, एकमेकींच्या हाताकडे बघायच्या. टेबलावरच्या सगळ्यांत वयस्कर भामाबाई तर एकदा रडकुंडीला आल्या. "इमल, मपल्या हातानं काय पाप झालंय त्येच कळंना," असं त्या म्हणाल्या. पाकिटं फोडायची, भरायची, पुन्हा तोंडं बंद करायची. काम दुप्पट झालं.

जूनमध्ये विजयसिंह खाली मान घालून आला. पुण्याच्या ऑफिसात पाकिटं भरणारं एक यंत्र पडून आहे, असं त्याने सांगितलं. "वरून निर्णय आलाय. दसऱ्यापर्यंत तीन नंबरचं टेबल पाच वेळा थांबलं, तर त्या जागी यंत्र बसेल."

दसरा म्हणजे इथे काय, हे त्याला माहीत नव्हतं, ऑफिसला तर त्याहून नव्हतं. टेबलावरच्या पाचही बायकांना मात्र ते न सांगता कळलं. दसऱ्याला ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांच्या जीपा गावात येतात आणि कोयते ठरतात. टेबल गेलं की पाच घरं पुन्हा उसात. चौघी गेल्या असत्या, कण्हत का होईना. विमलबाईंची मान घेऊन कोण जाणार होतं?

पहिलं थांबणं चौथ्याच दिवशी झालं, सकाळी. त्या दिवशी विमलबाईंनी डाळ भरायची सोडून नुसतं बघायला सुरुवात केली. लाल ठिपका नेमका सकाळच्या फेरीला जास्त येतो, हे त्यांनी करिष्माला मागचं सगळं बघायला लावून पक्कं करून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी काम सुरू होताना त्यांनी भामाबाईंच्या हातावर डोळा ठेवला. भामाबाईंनी पहिलं माप घेतलं, तोंडातल्या तोंडात "लाभ" म्हणाल्या, पाकीट काट्यावर ठेवलं. पाचशे तीन. अगदी झकास. आणि मग त्यांच्या बोटांनी आपोआप आणखी एक मूठ डाळ उचलून पाकिटात टाकली.

धान्य मापताना पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मग दोन, मग तीन. आणि लाभाचं माप कोणी सपाट करत नाही, ते शिगोशीग भरतात. खळ्यात ते शोभतं. इथे पाचही बायका रोज सकाळी आपापलं पहिलं पाकीट असं भरत होत्या, आणि आपण काही वेगळं करतोय हे एकीच्याही ध्यानात नव्हतं. विमलबाईंनी स्वतः भरलेलं पाकीट काट्यावर ठेवून पाहिलं. त्यांचंही पहिलं पाकीट पाचशे एकवीस होतं.

"भामाआक्का, चोर सापडला," त्या म्हणाल्या, "आन् त्यो आपुन पाचीजणी हाव."

हसून हसून टेबल हललं. पण पुढचा प्रश्न अवघड होता, कारण लाभ सपाट करायला भामाबाई तयार होईनात. दिवसाची सुरुवात हात आखडून करायची म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी विमलबाईंनी तोड काढली. प्रत्येकीने आपला लाभ पाकिटात न भरता कोपऱ्यातल्या स्टीलच्या डब्यात टाकायचा, हवा तेवढा शीग लावून. दुपारी त्या डाळीचं वरण शिजायचं आणि सगळ्या शेडने जेवायचं. तिन्ही टेबलांनी हे उचललं. मंगळवारी विजयसिंहने ते वरण भाकरीत कुस्करून खाल्लं आणि म्हणाला, "मावशी, हे मला वर्षभरात सापडलं नसतं." विमलबाईंनी त्याला आणखी एक पळी वाढली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. सकाळचे लाल ठिपके थांबले, पण दुपारी-संध्याकाळी अधूनमधून एखादा यायचाच. पुढच्या चाळीस दिवसांत तीनदा आला. म्हणजे चार थांबणी झाली. आता एकच उरलं.

तिसऱ्या खेपेला आकडे असे होते. पाचशे तीन, पाचशे चार, पाचशे दोन, पाचशे पाच आणि एक पाचशे तेवीस. कॉम्प्युटर म्हणाला, फैलाव नऊ, हद्द सहा, बंद करा. विमलबाईंनी ती पाच पाकिटं पुढ्यात ओळीने मांडली आणि बराच वेळ बघत बसल्या. टेबलाला काही झालेलं नव्हतं. काटा ठीक, हात ठीक. डाळ शेवटच्या क्षणी घसरते, एखाद्या पाकिटात जास्त पडते. कमी पडलं तर कोणी सोडत नाही, लगेच घालतात. जास्त पडलेलं घाईत कधी राहून जातं. त्यात नवल ते काय?

मंगळवारी विजयसिंह आला तेव्हा शेडच्या फरशीवर खडूने रेघा मारलेल्या होत्या. पाचशेचा एक रकाना, पाचशे एकचा एक, पाचशे दोनचा एक, असे थेट पाचशे पंचवीसपर्यंत. करिष्मा चाळीस दिवसांची वजनं वाचत होती आणि विमलबाई एका पाकिटाला तुरीचा एक दाणा याप्रमाणे दाणे मांडत होत्या. सहाशे दाणे. भामाबाई शेजारी बसून कोणी पाय टाकू नये म्हणून राखण करत होत्या.

"साहेब, ह्ये बगा," विमलबाई म्हणाल्या. "पाचशेच्या खाली एक दाना न्हाई. पाचशे दोन, तीन, चारला एकदम ढीग. आन् मग हिकडं पार पंचवीसपत्तर एकेक, दोन-दोन. तुमचा कॉम्प्युटर ह्याला काय समजतोय?"

विजयसिंह उकिडवा बसला. त्याने खडू घेतला आणि शेजारी एक आकृती काढली, मध्ये फुगलेली, दोन्ही बाजूंना सारखी उतरणारी, देवळातल्या घंटेसारखी. "माझं गणित असं धरून चालतं," तो म्हणाला. "लाल रेघ या घंटेवरून आखलेली आहे."

"आपलं तर असं न्हाई. आपलं म्हंजे मांजरसुंब्याचा घाट हाय. बीडकडून जावा, एकदम छातीवर चढ. आन् वर गेल्यावर केजपत्तर हळूहळू, हळूहळू. ह्या घाटाला तुमी घंटा म्हनल्यावर कसं व्हायचं? केजकडचा एक दाना दिसला की तुमी टेबल बंद करता. त्यो दाना तितं ऱ्हातोच की! त्याचं घरच तितं हाय."

विजयसिंह दाण्यांकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून पुस्तकातलं एखादं पान मागे जाऊन शोधतोय असं वाटत होतं. मग म्हणाला, "लाल रेघ थोडी वर ढकलू का?"

"वर ढकलली तर खरा बिगाड बी तिच्या खालूनच निगून जाईल," विमलबाई म्हणाल्या. "रेघ ऱ्हाऊ द्या. मोजायचंच दुसरं."

आणि त्यांनी मोळ्यांची रांग सांगितली. पाच पाकिटं वजनाने ओळीत लावायची. मधलं धरायचं. मग बाकीची मधल्यापासून किती लांब, ते अंतर लिहायचं. ती अंतरंही ओळीत लावायची आणि त्यांतलंही मधलं घ्यायचं. तेवीसवाल्या खेपेला मधलं पाकीट पाचशे तीनचं. अंतरं शून्य, एक, एक, दोन, वीस. मधलं अंतर एक. म्हणजे टेबल ठणठणीत. वीसवालं तेवढं फोडून नीट करायचं, ते एकट्याचं दुखणं आहे.

विमलबाईंनी तोंडी केलेला हिशोब करिष्माने कॉम्प्युटरवर चाळीस दिवसांना लावला. एकशे वीस फेऱ्या. मधलं अंतर बहुतेक वेळा एक किंवा दोन, मोजून पाच वेळा तीन, आणि चार एकदाही नाही.

"मग आपली रेघ तीनच्या वर," विमलबाई म्हणाल्या. "घंटेवरून न्हाई आनली. टेबल धडधाकट असताना जेवढं हाललं, तेवढं हाललेलं चालतंय."

विजयसिंह हसला, पण त्याचे हात बांधलेले होते. पुण्याला विचारल्याशिवाय तक्ता बदलता येणार नव्हता, आणि पुणं दसऱ्याआधी काही उत्तर देईल असं त्याला वाटत नव्हतं. "तोवर माझाच तक्ता चालेल, मावशी. तुम्ही तुमचा शेजारी लिहा." जाताना त्याने आपल्या बॅगेतला आलेखाचा कागद काढून त्यांना दिला. विमलबाईंनी तो घरी नेऊन नीट आखला, आणि स्वयंपाकाच्या हाताने आखला म्हणून त्याला हळद लागली.

भाद्रपदात ऊन चढलं. शेडवर पत्रे. भामाबाईंना घामाने चक्कर आली, म्हणून परमेश्वर यांनी दुसऱ्याच दिवशी तीन नंबरच्या टेबलावर नवाकोरा पंखा बसवून दिला. बायकांनी त्यांना दुवा दिला. गार वारा, डोक्यावरचा पदर उडतोय, काम झपाट्याने चाललेलं.

त्या दिवशी दुपारच्या फेरीचे आकडे आले. पाचशे एक, पाचशे पाच, पाचशे नऊ, पाचशे तेरा, पाचशे चौदा. कॉम्प्युटर म्हणाला साडेपाच. हद्द सहा. ठिपका हिरवा. विमलबाईंनी आपल्या कागदासाठी मांडणी केली. मधलं पाचशे नऊ. अंतरं शून्य, चार, चार, पाच, आठ. मधलं अंतर चार.

चार कधीच आला नव्हता.

त्यांनी कोणाला काही न सांगता करिष्माकडून आणखी पाच पाकिटं तोलून घेतली. पुन्हा चार. बाहेर टेम्पो उभा होता. माल मांजरसुंब्याला जाऊन तिथे पुण्याच्या ट्रकात चढणार होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

विमलबाई उठल्या आणि त्यांनी टेबलाचं बटण बंद केलं.

"आत्या, काय करताय?" करिष्मा धावत आली. "कॉम्प्युटर हिरवा हाय! आपुन थांबवलं तरी वहीत थांबलंच लिव्हावं लागतंय. पाचवं होईल!"

"म्हाईत हाय मला."

"इमल," भामाबाईंनी हात धरला, "गप बस की बाई. हिरवं हाय म्हंतीय ना पोरगी. दसरा पंदरा दिवसांवर आलाय."

विमलबाईंच्या मानेत जुनी कळ उठली होती. आपल्या हाताने आपलं टेबल बुडवतोय, चार बायकांच्या तोंडचा घास काढतोय, हे त्यांना लख्ख दिसत होतं. पण सोळा वर्षांत त्यांनी सैल मोळी गाडीवर चढवलेली नव्हती, आणि आता चढवायची म्हटलं तर हात उचलेना.

"आक्का, मोळी सैल हाय," त्या म्हणाल्या. "मी न्हाई चढू द्यायची. टेम्पोतले खोके उतरवा."

खोके उतरले. पाकिटं करिष्माच्या काट्यावर एकेक करून तोलली. सगळी शेड भोवती जमली होती. सुरुवातीची नीट निघाली. मग एक आलं चारशे सत्याण्णव. तीन वर्षांत हा आकडा कोणी पाहिला नव्हता. पुढे चारशे शहाण्णव. पुन्हा सत्याण्णव. शेवटी एक अठ्ठ्याण्णव. चार पाकिटं पाचशेच्या खाली, पुण्याच्या दुकानात जायला निघालेली.

विमलबाई आपल्या टेबलाशी गेल्या आणि मोकळ्या काट्याकडे बघत उभ्या राहिल्या. काट्यावर काहीच नव्हतं, तरी आकडा नाचत होता. शून्य, चार, उणे तीन, दोन. त्यांनी मान वर केली. जेवढी होते तेवढी. वर नवाकोरा पंखा गरगरत होता. भिंतीवरचं बटण दाबलं, पाती थांबली आणि आकडा शून्यावर येऊन बसला.

परमेश्वर यांनी कपाळावर हात मारून घेतला. पंखा दोन हात सरकवला, काट्याला पुठ्ठ्याचा आडोसा केला. करिष्माने वहीत लिहिलं, तीन नंबर, पाचवं थांबणं. लिहिताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि शाई फुटली.

विजयसिंह मंगळवारची वाट न बघता दुसऱ्या दिवशीच आला. त्याने दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. त्याच्या तक्त्यावर तिन्ही वेळा नाहक आरडाओरडा झालेला, आणि खऱ्या दुखण्याच्या दिवशी हिरवा गप्प ठिपका. पेन्सिलीच्या कागदावर इतके दिवस शांत रांग आणि शेवटी रेघेवर चढलेले दोन ठिपके. मग त्याने करिष्माची वही पुढे ओढली.

"मावशी, नियमाप्रमाणे मला हे पाचवं कळवावंच लागेल."

"कळवा की," विमलबाई म्हणाल्या. "पर कावून थांबवलं, त्ये बी लिव्हा. पुरं लिव्हा. आन् मपला कागद लावा त्याला."

त्याने करिष्माकडून त्या कागदाचा फोटो घेतला आणि पुरं लिहिलं. सात पानं झाली.

उत्तर काही येईना. बारा दिवस गेले. तीन नंबरच्या बायका काम करायच्या, पण वरणाच्या पंगतीतही फारसं कोणी बोलत नव्हतं. एकीच्या नवऱ्याने मुकादमाला हो म्हणून टाकलं होतं. विमलबाईंना कोणी टाकून बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. मात्र आपण चुकलो असं त्यांना एकदाही वाटलं नाही. शहादेवनी एकदाच विचारलं, "पुन्ना तसंच झालं तर?" त्या म्हणाल्या, "पुन्ना बंद करीन." शहादेवनी मान डोलावली आणि शेळ्या सोडल्या.

खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघर हत्यारं पुजतात. शहादेवनी माळ्यावरून कोयता काढला, घासून लखलखीत केला, पाटावर ठेवला. चार वर्षं तो उसात गेला नव्हता, तरी पूजा चुकलेली नव्हती. झेंडूची फुलं, हळदकुंकू, सगळं मांडून झालं. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं आणि तेवढ्यात करिष्माचा फोन वाजला.

करिष्माने ऐकलं, तिचा चेहरा फुलला, आणि तिने फोनचा आवाज मोठा केला. विजयसिंहचा आवाज घरभर झाला. "मावशी, टेबल राहतंय. यंत्र दुसरीकडे जाणार. आणि ऐका, पुढच्या महिन्यापासून तिन्ही टेबलांना तुमचाच तक्ता. पुण्यात मोठे साहेब म्हणाले, हिरवा ठिपका असताना स्वतःचं टेबल थांबवणारा माणूस आपल्याकडे एकही नाही. तुमच्या कागदाची मूळ प्रत शेडमध्येच लावायची. छापील तक्त्यावर पद्धत कोणाची म्हणून लिहायचंय. काय लिहू?"

पदर तोंडाला लावून विमलबाई म्हणाल्या, "तीन नंबरचं टेबल लिव्हा."

"अवो साहेब!" शहादेव पुढे वाकून फोनमध्ये ओरडले. एरवी चार शब्द बोलायला त्यांना दिवस लागतो. "विमल शहादेव नवले लिव्हा. मुक्काम पाली. पयलं नाव तिचं, मंग टेबलाचं."

फोन बंद झाला. करिष्मा चप्पल घालून भामाबाईंना सांगायला पळाली. कुंकवाचं बोट शहादेवनी तसंच वर धरलेलं होतं. त्यांनी घरात नजर फिरवली, उठले, आणि कोनाड्यातली विमलबाईंची आकडेमोडीची वही आणि बोटभर उरलेली पेन्सिल आणून पाटावर कोयत्याच्या पुढे ठेवली. पहिलं कुंकू वहीला लावलं.

"लाभ," शहादेव म्हणाले.

मग कोयत्याला लावलं आणि म्हणाले, "दोन."

दुसऱ्या दिवशी मुकादमाची जीप दारात आली तेव्हा विमलबाई नवं लुगडं नेसून शेडमध्ये निघाल्या होत्या. सणाची सुट्टी होती, पण भिंतीला खिळा ठोकायचा होता.